नमुनेकाका

नमुनेकाकांच्या घरी गेलात की बसण्याआधी खुर्ची रिकामी करावी लागते. खुर्चीवर काहीतरी असतंच. कधी गादीच्या फोमचा चौकोन, कधी पडद्याच्या कापडाची कात्रणं, कधी पाण्याच्या फिल्टरची मधोमध कापलेली कांडी. तुम्ही ती उचलून बाजूला ठेवायला लागलात की आतून आवाज येतो, "उलटी ठेवू नकोस रे, तिच्या मागे नंबर आहे!" नंबर खरंच असतो. प्रत्येक नमुन्याला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर दुकान, तारीख आणि क्रमांक, आणि त्या क्रमांकाची पुढची सगळी हकिकत जाड पुठ्ठ्याच्या एका लांबट रजिस्टरात. नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. ते ठेवताना पोरांच्या मनात काय होतं हे काकांना कळत नसेल असं नाही, पण नंबर घालून नमुने जपणारे आपण एकटेच आहोत हे त्यांना मान्य होतं, म्हणून नावही मान्य झालं.

काकांची नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात गेली. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं लोकांनी घडवून आणलेल्या वस्तू हातात घ्यायच्या, व्हर्नियर लावायचा आणि 'नाही' म्हणायचं. या कामाचा पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर हातात व्हर्नियर राहिला आणि नाकारायला काही उरलं नाही. घरात बसून नाकारण्याजोगं जे होतं ते काकूंनी केलेलं होतं, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी काकांना बाजार सापडला.

त्यांना कंजूष समजू नका. कंजूष माणूस दुकानदाराला कळतो. तो भाव पाडतो, दुकानदार थोडा पडतो, दोघं चहा पितात. काका भावाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्यांना वस्तूबद्दल खरं काय ते हवं असतं, आणि ते काही दुकानात ठेवलेलं नसतं. त्यामुळे लक्ष्मी रोडपासून भवानी पेठेपर्यंतचे बरेच दुकानदार काका पायरी चढताना दिसले की हिशेबाच्या कामाला लागतात आणि नव्या पोऱ्याला पुढे करतात.

फरशीचं प्रकरण सुरू झालं ते पौषातल्या एका सकाळी. काकूंचे गुडघे दुखत होते. त्या बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, "या फरशीवर सकाळी पाय ठेववत नाही हो. ती जुनी सतरंजी टाकू का इथे?"

काका म्हणाले, "थांब, जरा बघतो."

त्या घरात 'जरा बघतो' या शब्दांनंतर मिक्सर यायला एक दिवाळी मध्ये गेली होती. काकूंनी त्याच दिवशी कापडी सपाता घेतल्या.

आधी तर काकांनी तक्रारीचीच तपासणी केली. एक थर्मामीटर फरशीवर ठेवला, एक देवघरातल्या पाटावर. तासाभराने दोन्हीवर आकडा तोच. "बघ," ते काकूंना म्हणाले, "फरशी आणि लाकूड सारखंच गार आहे. फरशी तुझ्या पायातली उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड सावकाश घेतं, एवढाच फरक."

"थर्मामीटरचे गुडघे दुखत नाहीत," काकू म्हणाल्या.

हे उत्तर रजिस्टरात नोंदलेलं आहे. काकांचा एक गुण मानला पाहिजे, विरोधी पुरावा ते फाडून टाकत नाहीत.

मग रजिस्टरात 'जमीन' असं शीर्षक पडलं आणि पहिली काही पानं इतिहासात गेली. काकांच्या आजोळी शेणाने सारवलेली जमीन होती. ती पायाला ऊबदार, पण दर चार-आठ दिवसांनी हात शेणात घालायला घरात कोणीतरी लागे, आणि ते कोणीतरी काकांचे आजोबा कधीच नव्हते. पेठेतल्या वाड्यात शहाबादी फरशी होती, कर्नाटकातल्या कलबुर्गीजवळच्या शहाबादहून येणारी. मुंबईच्या आत्याकडे सिमेंटच्या नक्षीदार फरशा, १९२२ साली सुरू झालेल्या भारत कंपनीच्या. लहानपणी काका त्यांच्या वेलबुट्टीवरून आगगाडी चालवत. त्यानंतर संगमरवराचे चुरे घातलेलं मोझॅक आलं, ते घासायला मशीन येई आणि तो राखाडी राडा जिन्यावरून तीन दिवस वाहत असे. मग कोटा. मग व्हिट्रिफाइड, दोन बाय दोनचे पांढरे चकचकीत चौकोन, ज्यांच्यावर आज निम्मं पुणं उभं आहे. काकांचं निरीक्षण असं, की नवी फरशी आली की जुनी गरिबाची ठरते, आणि ती मिळेनाशी झाली की बंगलेवाले वास्तुविशारदाला पैसे देऊन तीच शोधायला लावतात. हे निरीक्षण मला पटतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वडिलोपार्जित घरातली शहाबादी उखडून पांढऱ्या टाइल्स घातल्या आणि त्यांच्या मुलाने नव्या फार्महाऊसला हौसेने शहाबादी बसवली.

इतिहास संपला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. आता पर्याय. टाइल्स फोडायच्या तर धूळ, राडारोडा, सोसायटीची परवानगी आणि खालच्या मजल्यावरच्यांशी कायमचं वैर. खरं लाकूड महाग. तेव्हा आहे त्या टाइल्सवरच अंथरता येणारं लॅमिनेट, असं ठरलं. लोक त्याला 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात. काकांसमोर म्हणू नये. "वुडन? कुठे आहे वुड? दाखव!" असं म्हणून ते तुमच्या हातात एक कापलेला तुकडा देतात आणि भिंग देतात.

भिंगातून चार थर दिसतात. सगळ्यात खाली समतोल राखणारा एक कागद. त्यावर लाकडाचा भुगा दाबून केलेला घट्ट बोर्ड, एचडीएफ. त्यावर दुसरा कागद, ज्यावर लाकडाचं चित्र छापलेलं. आणि सगळ्यात वर मेलॅमिनचा पारदर्शक पापुद्रा, झिजू नये म्हणून त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण. पॉलिश पेपरवर घासायला जे असतं तेच इथे घासलं जाऊ नये म्हणून. टिंबर मार्केटमधल्या एका दुकानदाराने हे सगळं एका वाक्यात उडवलं, "सनमायकाचा चुलत भाऊ समजा ना साहेब." काकांना ही व्याख्या इतकी आवडली की ते त्या दुकानात आणखी पाच वेळा गेले. दुकानदाराला पुढे आपण ते बोललो याचा पश्चात्ताप झाला असावा.

ही युक्ती १९७७ साली स्वीडनमधल्या पेरस्टॉर्प कंपनीने काढली. टेबलावर जो पत्रा डकवतात तो जमिनीवर का नको, असा साधा विचार. सुरुवातीला फळ्या डिंकाने एकमेकींना चिकटवत. १९९० च्या दशकात स्वीडन आणि बेल्जियममधल्या लोकांनी खाचेत खाच अडकवून बसणारी जोडणी काढली, तेव्हापासून डिंक गेला आणि 'क्लिक' आलं. काका हे मोठ्या प्रेमाने सांगतात. ज्या माणसाने खाच कापण्यात एका मिलिमीटरचा काही भाग इकडेतिकडे होऊ दिला नाही, तो माणूस त्यांना न भेटताही आपल्यातला वाटतो.

काकूंचा मुद्दा वेगळा होता. "म्हणजे वर दिसतं ते लाकूड नाही, फोटो?"

"हो."

"कागदावर छापलेला?"

"हो."

"अहो, कागदाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. आणि तुम्ही खोलीभर कागद अंथरून त्यावर पलंग मांडताय!"

काका दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी निकाल दिला, की अक्षर छापलेलं नसल्यामुळे दोष लागत नाही. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी एका नमुन्याच्या मागच्या बाजूला भिंग लावून पाहिलं, तर तिथे कंपनीचं नाव होतं. ती बाजू खाली जाते, असं म्हणून हा विषय संपवण्यात आला.

मध्येच एक घोटाळा झाला. या फळ्यांची झीज सोसण्याची ताकद युरोपात एसी १ पासून वर चढत जाणाऱ्या श्रेणींत मोजतात. घराला एसी ३ पुष्कळ होतं, चार-पाच दुकानं नि कचेऱ्यांसाठी. काका लिफ्टमध्ये मला म्हणाले, "बेडरूमला एसी ३ पुरे, पण मी म्हणतो चारच घालून टाकू." लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. संध्याकाळी सेक्रेटरी काकांच्या दारात. एका खोलीला चार एसी लावायचे तर मीटरचा लोड वाढवून घ्या, सोसायटीच्या केबलला ते झेपणार नाही, अशी लेखी सूचनाच घेऊन आले होते. काकांनी त्यांना आत बसवलं, खुर्ची रिकामी केली आणि झिजेची चाचणी कशी घेतात हे समजावून सांगितलं. सेक्रेटरी रात्री नऊला बाहेर पडले. तेव्हापासून काकांचा कुठलाही अर्ज एका दिवसात मंजूर होतो.

टिंबर मार्केटला त्यांच्याबरोबर मीही जात असे. जाण्यासारखं असतं ते. एरवी मला दुकानात पाच मिनिटांत घाम फुटतो आणि समोर आहे ते घेऊन मी सुटतो. काकांच्या सोबतीने गेलं की आपल्याला काही घ्यायचंच नाही हा केवढा दिलासा! एका दुकानातला संवाद मला पाठ आहे.

"वॉटरप्रूफ आहे सर, बिनधास्त घ्या."

"वॉटरप्रूफ की वॉटर रेझिस्टंट?"

"एकच ना सर."

"किती तास?"

"काय किती तास?"

"पाणी सांडलं आणि पुसलं नाही, तर किती तास तग धरेल?"

"पाणी सांडायचं कशाला सर?"

"कशाला म्हणजे? घर आहे!"

पोऱ्याने विषय बदलून शेड कार्ड उघडलं. "कलर बघा ना. ओक आहे, वॉलनट आहे. ओक खूप चालतोय." काकूंच्या माहेरचे एक ओक होते, त्यांचं काही फारसं चाललं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी काकूंनी वॉलनटकडे बोट दाखवलं.

नमुने घरी आले. त्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. किल्लीने ओरखडा. खुर्चीचं चाक मागेपुढे शंभरदा. हळदीच्या आमटीचा थेंब, रात्रभर. डबक्याची परीक्षा सगळ्यात शेवटी: तुकडा बादलीत बुडवायचा, सकाळी काढायचा, कडेला व्हर्नियर लावायचा. आठ मिलिमीटर जाडीच्या एका तुकड्याने सकाळपर्यंत साडेनऊ गाठले. बाकी सगळं तो सोसतो, पण कडेने पाणी शिरलं की आतला भुगा फुगतो आणि एकदा फुगला की मरेपर्यंत बसत नाही. रजिस्टरात त्याच्यासमोर लाल पेनाने 'नापास' आणि खाली सही. काकांचा चेहरा त्या सकाळी इतका तजेलदार दिसत होता! कारखाना सुटल्यापासून त्यांना कोणी एवढं मनापासून नापास करायला मिळालं नव्हतं.

उरलेल्या तुकड्यांची मांडणी बेडरूमच्या जमिनीवर झाली. सकाळच्या उन्हात रंग कसा, ट्यूबच्या उजेडात कसा, पिवळ्या दिव्यात कसा, हे पाहायचं होतं. त्यामुळे काकू पलंगापर्यंत तिरक्यातिरक्या चालत जात. मावशी सकाळी फरशी पुसायला आल्या की प्रत्येक तुकडा उचलायचा, खालचं पुसायचं आणि पुन्हा त्याच जागी, त्याच दिशेला ठेवायचा, अशी सूचना होती. मावशींनी ती पाळली. त्या कमी बोलतात.

काकांना निवड करता येत नाही असं सोसायटीत म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. निवड त्यांना पहिल्या आठवड्यात करता आली असती, पण एकदा वस्तू घेतली की तिच्याबद्दलचं ज्ञान वाया जातं. घेण्याआधी काका त्या विषयातले पुण्यातले एक जाणकार असतात, घेतल्यावर गिऱ्हाईक. कुठला माणूस आपण होऊन ही पायरी उतरेल? शिवाय त्यांचं खरं ठरण्याचं प्रमाण आपल्याला परवडण्यापेक्षा जास्त आहे. त्यांनी नाकारलेली गादी मी घेतली नव्हती, पण माझ्या मेहुण्याने घेतली, आणि आता तो त्यांच्यावर चिडून असतो.

शेवटी निवड दुकानदाराने केली. चैत्र संपता संपता त्याचा फोन आला, की काकांना बरी वाटलेली ती मधल्या रंगाची शेड कंपनी बंद करतेय, गोडाऊनला आहेत तेवढीच खोकी. काका कासावीस झाले. खोली दहा बाय बारा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. कापाकापीत दहा टक्के जाणार, एकशे बत्तीस. एका खोक्यात वीसच्या वर थोडे चौरस फूट. तेव्हा सात खोकी. आणि पुढेमागे एखादी फळी बदलायची वेळ आली तर बंद झालेली शेड कुठून आणणार, म्हणून आठवं. हे आठवं खोकं आजही पलंगाखाली आहे. त्याला काकू 'आपलं माणूस' म्हणतात.

फिटर दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. काकांनी त्याला अठ्ठेचाळीस तास थांबवलं. फळ्यांना खोलीच्या हवेची सवय व्हावी लागते. त्या दमट गोदामातून येतात, कोरड्या खोलीत आकसतात, आणि लगेच बसवल्या तर नंतर सांधे उघडतात. हे सगळं खरं आहे. खोकी बेडरूममध्ये आडवी ठेवली, पंखा लावला, आणि जागा उरली नाही म्हणून काका-काकू हॉलमध्ये झोपले. काकू म्हणाल्या, "फळ्यांना खोलीची सवय होईल, मला सोफ्याची."

फिटर म्हणजे पंचविशीतला एक पोरगा, हाताखाली आणखी एक. कानात इअरफोन. काकांनी दारातच विचारलं, "भिंतीपासून फट किती सोडणार?"

"तीन सूत."

काका थबकले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "तीन सुताचे साडेनऊ मिलिमीटर होतात. दहा पाहिजेत."

पोराने काकांकडे नीट पाहिलं. मग इअरफोन काढून खिशात ठेवला. या धंद्यात कोणीतरी फट का सोडायची हे विचारत नाही, किती सोडायची हे विचारतंय, याचं त्याला नवल वाटलं असावं. पावसाळ्यात फळ्या फुगतात, त्यांना हातपाय पसरायला जागा लागते, नाहीतर जमीन मधोमध वर येते. बहुतेक गिऱ्हाइकं ती फट बघून 'भिंतीपर्यंत पूर्ण का नाही आणलं' म्हणून भांडतात.

मग प्लास्टिकचा कागद अंथरला गेला, त्यावर फोम, त्यावर पहिली ओळ, खिडकीतून उजेड येतो त्या दिशेने आडवी नाही, उभी. ओळीचा उरलेला तुकडा दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे सांधे एका रेषेत येत नाहीत. ठोकळा लावून हातोडीचा हलका ठोका, क्लिक. ठोका, क्लिक. काका प्रत्येक क्लिकला मान डोलावत होते, सवाई गंधर्वला पुढच्या रांगेत बसतात तेव्हा डोलवतात त्याहून थोडी जास्त. त्यांनी आधीच गणित करून ठेवलं होतं: पंधरा ओळी पूर्ण, सोळावी १०३ मिलिमीटरची, उभी चिरून.

सोळावी ओळ एका टोकाला १०३ भरली आणि दुसऱ्या टोकाला ९१.

काकांनी पुन्हा मोजलं. मग फिटरने मोजलं. मग फिटर शांतपणे म्हणाला, "भिंत तिरकी आहे काका. सगळ्यांची असते."

काका पलंगावर बसायला गेले, पलंग हॉलमध्ये होता. म्हणून तसेच उभे राहिले. पंधरा वर्षं ते या खोलीत झोपले होते आणि खोली बारा मिलिमीटरने चुकलेली होती. "हे घर मी पास कसं केलं?" ते स्वतःशीच म्हणाले.

"तुम्ही नाही केलं," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुमची तेव्हा ऑडिटची गडबड होती. घर मी बघितलं आणि त्याच दुपारी टोकन दिलं."

फिटरने शेवटची फळी तिरकी चिरली, बसवली, कडेने स्कर्टिंग मारलं, दाराशी पट्टी लावली आणि साडेतीनला चहा पिऊन गेला. दहाला आला होता. दार घासलं नाही, कपाटाचं शटर अडलं नाही. जमीन दहा मिलिमीटर उचलली जाणार हे काकांनी धरलं होतं आणि दाराखाली बारा होते. फक्त कपाटामागच्या कोपऱ्यातली वीतभर स्कर्टिंग त्यांनी पक्की करू दिली नाही, स्क्रूने बसवून घेतली. का, तर जुलैत ती काढून फट दहाची किती झाली ते मोजता यावं.

खोली सुरेख दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे. काकूंनी अनवाणी पायाने दोन फेऱ्या मारल्या. "छान आहे हो. पण आता गार हवं होतं." वैशाख होता. पंखा पाचवर फिरत होता आणि पुण्याचा पारा चाळिशीला टेकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. हातात बादली, फिनेल घातलेलं पाणी, खांद्यावर फडकं. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं, नेहमीप्रमाणे वर काढलं आणि नव्या जमिनीवर टाकणार, एवढ्यात काका बाथरूममधून अर्धवट दाढीने धावत आले.

"मावशी! पाणी नाही, पाणी नाही!"

"नळाला आहे की," मावशी म्हणाल्या.

काकांनी फडकं अक्षरशः झेललं. मग त्यांनी मावशींना एचडीएफ, कडा, सांधे, भुगा, सगळं सांगितलं. बादलीत नापास झालेला तो तुकडा आणून दाखवला. फडकं कसं घट्ट पिळायचं, थेंब पडता कामा नये, याचं स्वतः खाली बसून प्रात्यक्षिक दिलं. मावशी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हणजे सी विंगला पाचव्या मजल्यावर आहे तसलंच."

काकांचा हात थांबला. "पाचव्या मजल्यावर आहे?"

"दोन पावसाळे झाले. बाल्कनीच्या दाराशी फुगलंय सगळं. फळ्यांच्या कडा वर आल्यात, फडकं अडकतं. एकदा पायाला लागलं माझ्या. त्यांनी वर पायपुसणं टाकून ठेवलंय, कुणाला दिसू नये म्हणून."

"कुठल्या कंपनीचं?"

"मला काय ठाऊक? पण बेडरूममधलं चांगलं राहिलंय. तिथं पाणी येत नाही ना."

टिंबर मार्केटच्या सगळ्या फेऱ्या, भिंग, बादली, शंभरदा फिरवलेलं खुर्चीचं चाक. आणि हीच चाचणी, खऱ्या घरात, खऱ्या पावसात, दोन वर्षं चालू होती, जिना उतरून समोरच्या इमारतीत. काका जमिनीवर बसलेलेच राहिले. "मावशी, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नमुने उचलून खालचं पुसायला सांगत होता," मावशी म्हणाल्या. "विचारलं कुठं?"

काका उठले. दाढीचा साबण तसाच वाळत होता. त्यांनी हॉलमधली खुर्ची रिकामी केली, मावशींना बसायला सांगितलं, आणि त्या बसत नाहीत म्हटल्यावर रजिस्टर घेऊन स्वतःही उभे राहिले. नवं पान. मावशी नऊ घरांच्या फरश्या पुसतात. दुसऱ्या मजल्यावरचा संगमरवर: लिंबू सांडलं की पांढरट डाग उठतो, तो घासून जात नाही, दर उन्हाळ्यात सरबताचा एक वाढतो. बी विंगच्या आजींची जुनी कोटा: फडकं नुसतं सरकतं, वर्षं गेली तशी तुकतुकीत झालीय. पांढऱ्या टाइल्स: एक केस पडला तरी इथून तिथून दिसतो, आणि मधल्या रेघा काळ्या पडल्या की बाई नीट पुसत नाही असं म्हणायला मालकीण मोकळी. खरखरीत टाइल्स: कचरा दिसत नाही, म्हणून मालक खूश, पण पाणी काळं निघतं. ही सगळी माहिती गुडघ्यांवर बसून गोळा केलेली होती. काका लिहीत होते. मधूनच "किती वर्षं झाली?", "उन्हाची बाजू कुठली?" असे प्रश्न विचारत होते आणि मावशींना प्रत्येकाचं उत्तर येत होतं.

"आणि ही?" काकांनी नव्या जमिनीकडे बोट दाखवलं.

"दिसायला झकास आहे. पण पिळून पिळून पुसायचं, वर कोरडं करायचं, म्हणजे एका खोलीला दोन खोल्यांचा वेळ. महिन्याला दोनशे वाढवावे लागतील."

"दोनशे कशाच्या आधारावर?"

"हाताच्या," मावशी म्हणाल्या, आणि मनगट फिरवून दाखवलं.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. काकूंना वाटलं आता 'जरा बघतो' येणार, मग इतर आठ घरांचे दर, मिनिटांचं कोष्टक, आणि मावशी काम सोडून जाणार. पण काकांनी पेन बदललं. निळ्या शाईने दोनशे रुपये लिहिले, समोर 'पास' लिहिलं आणि सही केली. दुसरीकडे चौकशी न करता घेतलेलं त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलंच काहीतरी असावं.

मावशींनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं, आकडा वाचला, आणि त्याच्यापुढे 'या महिन्यापासून' असं घालायला लावलं.